साकव कुठे घालायचा

दुक्मच्या बंदरावर गुरुवारची दुपार झाली की माणसं घड्याळाकडे बघत नाहीत, रस्त्याकडे बघतात. मस्कत साडेपाचशे किलोमीटर. ज्याचं घरदार तिथे, तो जेवणाचा डबासुद्धा गाडीतच उघडतो. दयानंद पाष्टे मात्र निघण्याआधी आपल्या तिपाईचे तिन्ही पाय ओल्या फडक्याने पुसायचा. सर्व्हेचं काम, टोकांत वाळू राहिली की तिपाई नीट बसत नाही, असं तो पोरांना सांगे. खरं कारण वेगळं होतं. तेहतीस वर्षांपूर्वी तो या देशात उतरला, तेव्हा त्याला मिळालेलं पहिलं काम दुसऱ्याच्या तिपाईचे पाय पुसायचं होतं. स्वतःची तिपाई झाली, हाताखाली सहा माणसं आली, तरी हाताने ती सवय सोडली नाही.

मार्चअखेरीस हे पुसणं संपणार होतं. साठी आली होती. मस्कतमधल्या अझैब्याच्या भाड्याच्या घरात मंगलाने खोकी बांधायला घेतली होती. मधे राहिला होता तो उद्याचा शुक्रवार. मस्कतजवळच्या बरक्याला खाडीपट्टा मंडळाचं वर्षाचं जेवण, आणि त्यात दयानंदाने उभं राहून वाकणवाडीच्या वतीने एक शब्द बोलायचा. हो किंवा नाही.

गाडी तो चालवत होता. शेजारी गोवेकर. माणूस खरा पोर्तुगालचा, बंदराच्या कामावरचा मुख्य सर्व्हेअर. पण पोर्तुगीज म्हणजे गोवा हे कोकणातल्या माणसाला कोण विसरायला लावणार? सर्व्हेच्या पोरांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव गोवेकर ठेवलं, आणि अर्थ कळल्यावर त्यालाही ते आवडलं. दर गुरुवारी तो दयानंदाबरोबर मस्कतला यायचा.

"आज तू बोलत नाहीस," गोवेकर इंग्रजीत म्हणाला. "तुझ्या त्या पाच गावांचं काय झालं?"

दयानंदाने काही दिवसांपूर्वी त्याला थोडं सांगितलं होतं. आज सगळंच सांगितलं. रस्ता सरळ होता आणि वेळ भरपूर.

रत्नागिरी जिल्ह्यातली एक खाडी, आणि तिच्या दोन्ही काठांवरची पाच गावं. त्यांतलं थोरलं जुनाबंदर. तिथले मुसलमान दोन-तीन पिढ्या मस्कतशी व्यापार करत आलेले, चारशे घरांचं गाव. सगळ्यात धाकटी वाकणवाडी. बेचाळीस घरं, आणि घरांच्या नि जगाच्या मधून वाहणारा ओढा. गावात त्याला पऱ्या म्हणत. पावसाळ्यात हा पऱ्या वाडीला तोडून टाकायचा. मंगला लग्न होऊन आली ती दिराच्या पाठुंगळी बसून. लग्न लांबून जूनवर गेलं होतं. शालूचा काठ चिखलात बुडाला, तो डाग ती अजून माहेरच्या माणसांना दाखवते.

मस्कतमध्ये या पाच गावांच्या माणसांनी मंडळ काढलं. प्रत्येक गावाची वेगळी समिती आणि वर सगळ्यांचं मिळून मंडळ. ज्या गावाच्या हाताशी पैसा जास्त, त्याने जास्त घालायचा. ज्या गावाची अडचण मोठी, तिथे तो आधी लावायचा. असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण तसंच होत आलं. आणि अडचण सगळ्यात मोठी कुणाची? वाकणवाडीची. शाळेचं छप्पर, पाण्याची पाइपलाइन, पऱ्यावरचा साकव, सगळं मंडळाने केलं. दयानंदालाही मंडळानेच आणलं. जुनाबंदरच्या हुसैनमियाँनी त्याचं तिकीट काढलं, बरक्यातल्या आपल्या दोरखंड-जाळ्यांच्या दुकानाच्या माडीवर पाच महिने ठेवून घेतलं. त्याच्या मागून वाडीतले एकोणीस जण आले.

"आता मंडळ म्हणतंय, पाच समित्या बंद करा," दयानंद म्हणाला. "एकच मंडळ. एक घटना, एक अध्यक्ष, सगळे निर्णय एका ठिकाणी. चार गावं हो म्हणाली. आमची वाडी अडून बसलीय."

"का?"

"सागर म्हणून आमच्यातला क्रेन ऑपरेटर आहे. तो म्हणतो, माणसं मोजून अध्यक्ष निवडणार, म्हणजे आपल्याला कोण विचारणार? वाडीचं नाव पुसलं जाईल. आणि हुसैनमियाँचा मुलगा इम्रान, ज्याने हे सगळं लिहून काढलंय, तो म्हणतो, ज्यांना सगळ्यात जास्त मिळालं त्यांनी तरी नाही म्हणू नये."

गोवेकर मोठ्याने हसला. दूर वाळूत उभा असलेला एक उंट मागे पडेपर्यंत तो हसतच होता.

"माझ्या गावाचा रस्ता युरोपच्या पैशातून झाला," तो म्हणाला. "मी अकरा वर्षांचा होतो. त्याआधी दवाखान्यात जायचं तर अर्धा दिवस मोडायचा. रस्त्याच्या तोंडाशी निळी पाटी लावली, तिच्यावर पिवळ्या चांदण्यांचं रिंगण. आता युरोप म्हणतो, आणखी जवळ या. संरक्षण एकत्र करू, कर्ज एकत्र काढू. माझा भाऊ दर वेळी याच्या विरुद्ध मत देतो. आणि मत द्यायला जातो तो त्याच रस्त्याने."

"मग तुम्ही त्याला काही म्हणत नाही?"

"मी काय म्हणू? मेसमध्ये तो उत्तर युरोपातला इंजिनीअर बसतो ना, तो मला म्हणाला, तुम्ही लोकांनी खाल्लंत, आता होय म्हणायला काय होतं? मी म्हटलं, तुझं सूप गार होतंय."

"आणि घरात?"

"माझी मुलगी त्या इंजिनीअरच्या बाजूची. म्हणते, आजीला वेळेवर दवाखान्यात कुणी पोचवलं? त्या रस्त्यानेच ना! भाऊ म्हणतो, रस्ता दिला म्हणजे आम्हाला विकत घेतलं नाही. दोघं भांडतात आणि मी भांडी घासायला उठतो." थोडं थांबून तो म्हणाला, "भावाचा राग तसा जुना आहे. आमच्या वडिलांचं कॉफीचं दुकान गावच्या चौकात होतं. नव्या रस्त्याने चौक बाजूला टाकला. वर्षभरात दुकानाला कुलूप लागलं. रस्ता कुठून न्यायचा, हे विचारायलासुद्धा कुणी आलं नव्हतं."

ते शेवटचं वाक्य दयानंदाच्या कानांवर पडलं, पण आत शिरलं नाही. त्याच्या मनात साकव घोळत होता.

घरी पोचला तेव्हा मंगला कुळथाचं पीठ चाळत बसली होती. बहिणीने गावाहून पाठवलेलं, पत्र्याच्या डब्यात. हे पीठ उद्यासाठी.

त्याची कथा अशी. मंडळाच्या पहिल्या जेवणाला ठरलं होतं, की प्रत्येक गावाने आपली चूल मांडायची आणि आपल्या गावचं काहीतरी रांधायचं. जुनाबंदरची भली मोठी देगची, कुणाचं सुरमईचं कालवण, कुणाची वडे-उसळ. वाकणवाडीचे तेव्हा तिघेच होते, आणि तिघांत मिळून दयानंदाच्या पेटीतलं आईने बांधून दिलेलं कुळथाचं पीठ. लाजत-लाजत त्याने खजुराच्या आडोशाला तीन दगड मांडले, लसूण-मिरचीची फोडणी दिली, आमसूल टाकलं, पिठी ढवळली. वास गेला आणि हुसैनमियाँ आपलं भरलेलं ताट तिथेच ठेवून उठून आले. "माझी आई करायची रे ही," एवढंच म्हणाले आणि वाकणवाडीच्या चुलीपाशी मातीत मांडी घालून बसले. त्यांच्या मागोमाग अख्खं जुनाबंदर. तेव्हापासून रीत पडली. पहिला घास धाकट्या गावच्या चुलीचा, मग ज्याला जे हवं ते. इम्रानच्या नव्या कागदात हीसुद्धा ओळ होती की स्वतंत्र चुली बंद, एकच केटरर.

"ठरलं का काही तुमचं?" मंगलाने चाळणी आपटत विचारलं.

"ठरायचंय काय! हो म्हणायचं. मियाँसमोर नाही म्हणायला माझी जीभ उचलेल का?"

"मग सागर तुम्हाला काय म्हणेल?"

"लाचार म्हणेल. म्हणू दे. गेल्या वर्षी त्या तानाजीचं काय झालं, आठवतंय ना?"

तानाजी पलीकडच्या गावचा. दुक्मच्या साइटवर हृदय बंद पडून गेला. त्याच्या गावची समिती नावालाच उरलेली. तिला वाटलं देह गावी पाठवायचे कागद जुनाबंदरवाले करतायत, जुनाबंदरला वाटलं वाकणवाडी करतेय, कारण दुक्मला माणसं वाकणवाडीची. देह चार दिवस तसाच राहिला. पाचव्या दिवशी दयानंदच धावला. एक मंडळ का हवं, हे त्याच्याइतकं कुणालाच समजलं नव्हतं.

"म्हणजे तुमच्या मनातूनच हो आहे तर," मंगला म्हणाली.

"तसंही नाही गो. चुली बंद करायच्या हे मला पटत नाही. माणसं मोजून सगळं ठरवायचं तेही नाही."

मुलगी आकांक्षा ऑफिसमधून येऊन सोफ्यावर पडली होती. जन्म मस्कतचा, मराठी जपून बोलणारी. तिने मोबाइलमधून डोकं वर काढलं. "बाबा, हे तर इमोशनल ब्लॅकमेल झालं ना? साकव, तिकीट, ते सगळं बाजूला ठेवा. तुम्हाला स्वतःला काय वाटते?"

"वाटते नाही, वाटतं," मंगला म्हणाली.

दयानंद विचार करायला बसला की साकव मधे येऊन उभा राहायचा. त्याला पहिल्या वर्षातली एक गोष्ट आठवली. मोजणीची पट्टी धरायचा तेव्हाची. एकदा वहीत लिहायचं काम त्याच्याकडे आलं, आणि साहेबाने सकाळी जो आकडा येईल असं म्हटलं होतं, तोच त्याने लिहून टाकला. साहेब खूश होईल म्हणून. साहेबाने वही बंद केली आणि विचारलं, "हे यंत्राने सांगितलं की मला आवडेल म्हणून तू सांगितलंस?" तो प्रश्न तो अजून विसरला नव्हता.

शुक्रवारी बरक्याच्या मजऱ्यात, म्हणजे खजुराच्या शेतवाडीत, शंभरेक माणसं जमली. जानेवारीची गार हवा, जवळच्या समुद्राचा खारट वास, पाच ठिकाणी धूर. वाकणवाडीच्या चुलीपाशी मंगला. हुसैनमियाँ प्लास्टिकच्या खुर्चीवर, कानटोपी भुवयांपर्यंत ओढलेली. वय त्र्याहत्तर, आवाज अजून दुकानाच्या गल्ल्यावरचा.

इम्रानने कागद वाटले आणि मुद्दे समजावले. पोरगा मनाचा चांगला, बोलणंही स्वच्छ. तानाजीचं उदाहरणही त्याने दिलं. मग तो म्हणाला, "एकच गाव राहिलंय. मी कुणाला दुखावत नाही, पण वाकणवाडीने जरा मागे वळून बघावं. मंडळाने सगळ्यात जास्त कुणासाठी केलं? त्यांनी तरी नाही म्हणू नये."

सागर ताडकन उठला. "मग तो साकव उचला आणि न्या तुमच्या बंदरावर! होडी आम्ही देतो!"

काहीजण हसले, काहीजण चिडले. "अरे बस, यल्ला, चला, जेवायचंय," मागून कुणीतरी ओरडलं. हुसैनमियाँनी हात वर केला.

"दया, तू बोल."

दयानंद उठला. रात्रभर जुळवलेली वाक्यं होती, ती कुठे गेली कळलं नाही. समोर कानटोपीतले ते दोन डोळे.

"मियाँ," तो म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं. वाकणवाडी तुमच्या शब्दाबाहेर नाही."

एका बाजूने टाळ्या सुरू झाल्या. सागरने मान फिरवली. दयानंद खाली बसू लागला.

"उभा राहा," हुसैनमियाँ म्हणाले. टाळ्या विझल्या. "मी म्हणेन तसं? माझं मत मला ठाऊक आहे रे. त्यासाठी तुला दुक्मवरून कशाला बोलावलं? पोपट पाळला असता."

"मियाँ, मी हो म्हटलं ना..."

"हो नाही म्हटलास. परतफेड केलीस. मी मागितली होती? कधी? कुठल्या साली?"

दयानंद उभाच राहिला, कानाच्या पाळ्या लाल करून.

"इम्रान, तूपण ऐक. तुला वाटतं साकव मी बांधला." म्हातारा खुर्चीत पुढे सरकला. "शहाण्णव साल. मी मिस्त्री घेऊन गावी गेलो. जागा मी नक्की केली होती, खाली, एस्टी थांब्याजवळ. का? तर येणाऱ्या-जाणाऱ्याला दगडावरचं नाव दिसावं. माणूस आहे, हौस असते. हा तेव्हा सुट्टीवर आलेला. नोकरीला चार वर्षं. मला म्हणतो, मियाँ, इथे नका घालू. वर घाला, वळणावर, दोन्ही काठांना काळा खडक आहे. पाणी भरलेली नळी धरून मला उंची मोजून दाखवतोय, कमरेएवढ्या पाण्यात! मी भडकलो. सगळ्या वाडीसमोर म्हणालो, तिकीट कुणी काढलं होतं तुझं, विसरलास? तर हा काय म्हणाला, आठवतं का रे दया?"

दयानंदाने मान हलवली. आठवत होतं, पण गेली कित्येक वर्षं आठवू दिलं नव्हतं.

"मंगल, तू सांग."

मंगला पळी हातात घेऊनच पुढे आली. "हे म्हणाले, विसरलो नाही म्हणूनच सांगतोय. तुमचं नाव पाण्यात जायला नको."

"दोन दिवस बोललो नाही मी याच्याशी. हिने ताक आणून दिलं, तेही प्यायलो नाही."

"प्यायलात. गडू रिकामा आला होता," मंगला म्हणाली, आणि सगळा मजरा हसला.

"बरं, प्यायलो. पण साकव वरच घातला. आणि दोन हजार पाचचा पूर? खालची एस्टीची शेड गेली, मोरी गेली, थांब्याजवळचा रस्ता गेला. साकव जागचा हलला नाही. वाडीतली म्हातारी माणसं त्यावरून खांद्यावर बाहेर काढली. जागा ठरवायच्या दिवशी हा दया माझे उपकार आठवून मान डोलवत बसला असता, तर?" हुसैनमियाँनी दोन्ही हात हवेत उडवले. "दगडावर नाव माझं आहे. जागा याची आहे. आता बोल दया. या कागदात साकव कुठे घालायचा, ते सांग."

दयानंदाने कागद डोळ्यांसमोर धरला. आता साकव मधे येत नव्हता.

"एक मंडळ हवं," तो म्हणाला. "हे मी मियाँसाठी म्हणत नाही, तानाजीसाठी म्हणतोय. आजारपण, मयत, नोकरी, मुलांची शाळा, सगळं एका ठिकाणी हवं. सागर, तुला राग येईल, पण आपल्या समितीत काम करणारे आता आपण दोघंच उरलोय. मी मार्चमध्ये जाणार. मग तू एकटा अध्यक्ष, तूच सभासद."

सागर हसू दाबत म्हणाला, "बिनविरोध तरी असेन."

"पण दोन गोष्टी मान्य नाहीत. एक, माणसं मोजून ठरवायचं नाही. जिथे गावाचा प्रश्न, तिथे एका गावाला एक मत."

इम्रानने लगेच विचारलं, "काका, बेचाळीस घरांचं आणि चारशे घरांचं मत सारखंच?"

"तुझ्या हिशेबात नाही बसत, मला कळतं. पण पऱ्याला पाणी कुठवर चढतं, ते बेचाळीस घरांनाच माहीत असतं. चारशे घरांनी हात वर केले असते, तर साकव एस्टी थांब्याजवळच झाला असता. आणि दुसरं, चुली बंद करायच्या नाहीत. केटरर पाहिजे तर आणा. पण पाच चुली राहतील."

"आणि आम्ही नाही म्हटलं, तर?" इम्रानच्या आवाजात धार नव्हती, पण प्रश्न खरा होता.

"तर वाकणवाडीचं उत्तर ‘नाही’," दयानंद म्हणाला. "आणि तरीही मी पुढल्या मयताला धावेन. ते काही या कागदावर नाही."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. इम्रान बापाकडे बघू लागला. बाप खजुराच्या शेंड्याकडे बघत होता. शेवटी इम्रानने खिशातून पेन काढलं, कागद गुडघ्यावर ठेवला आणि समासात काहीतरी लिहायला लागला. एका ठिकाणी थांबला, खोडलं, परत लिहिलं. "मतांचं मी बाकीच्या गावांना विचारतो," तो म्हणाला. "आज वचन देत नाही. चुलींचं मात्र खलास, ठरलं. राहिल्या."

"विचार," दयानंद म्हणाला. "विचारायलाच पाहिजे."

असं म्हणताना त्याला गोवेकरच्या भावाची आठवण झाली. बंद पडलेलं कॉफीचं दुकान, चौक सोडून गेलेला रस्ता. रविवारी परत जाताना त्याला सांगायचं होतं, की भावाला एकदा शांतपणे विचारा, तुला रस्ता कुठून हवा होता? इतक्या वर्षांनी विचारलं तर भाऊ काय सांगेल, कुणास ठाऊक. मत तो तेच देईल कदाचित.

जेवणाची पंगत बसली. हुसैनमियाँ इम्रानच्या खांद्यावर हात ठेवत वाकणवाडीच्या चुलीपाशी आले. आता मातीत मांडी घालणं जमत नव्हतं, खुर्ची आणावी लागली. मंगलाने वाफाळत्या भातावर पिठी ओतली. त्यांनी पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"गुठळ्या झाल्यात."

"होणारच," मंगला म्हणाली. "ढवळायच्या वेळी साक्षीला कुणी बोलावलं मला?"

ते हसले, आणि दुसरा घास घेताना डोळे पुसले. धुराने असेल. चुलीत लाकूड ओलं होतं. मग ताटावरून मान न उचलता म्हणाले, "दया, गावी पोचलास की एकदा साकवावर जाऊन ये. दगडावरची अक्षरं गेली असतील बुजून."

"रंगवून घेतो."

"नको. नुसतं खडकाला कुठे तडा गेलाय का, ते बघ. आणि खरं काय ते कळव."

"कळवतो," दयानंद म्हणाला, आणि त्यांच्या ताटातल्या गुठळ्या बोटाने वेचून स्वतःच्या ताटात घेऊ लागला.